आभाळाला जागा नसलेलं घर

माझ्या हातून प्लास्टरची बरणी निसटली, हे मी नाकारत नाही. दाताच्या डॉक्टरकडं साचे घ्यायला प्लास्टर लागतंच, ते बरणीतच असतं आणि बरणी कधी ना कधी निसटतेच. फक्त माझी बरणी निसटली ती तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, ऐन जेवणाच्या वेळी. आणि माझ्या गॅलरीच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, लिपोत झिप्सरनं घातलेल्या मांडवात आमच्या गावचे ज्यू धर्मगुरू, रब्बी पेर्लरॉट, सूपचा पहिला चमचा तोंडाशी नेत होते.

बरणी फुटली नाही. चांगली जाड होती. पण तिच्या दणक्यानं गॅलरीच्या तळाचा टिकलीएवढा गिलावा सुटला, मांडवावरच्या लव्हाळ्यातून वाट काढत खाली उतरला आणि लेडेरर यांच्या बशीत जाऊन पडला. ओडोन लेडेरर म्हणजे आमच्या ज्यू समाजाचे अध्यक्ष, दारूच्या भट्टीचे मालक. पाळीव हंसाच्या सूपचा शिंतोडा त्यांच्या मिशीवर उडाला. त्यांनी वर पाहिलं. अध्यक्ष वर बघतात म्हणून रब्बींनीही वर पाहिलं. लव्हाळ्याच्या फटीतून त्यांना दिसायला हवं होतं आभाळ. दिसला माझ्या गॅलरीचा तळ.

मी कठड्यावरून वाकून विचारलं, "कुणाला लागलं तर नाही ना?"

रब्बींनी चमचा हळूच बशीत परत ठेवला होता.

सुक्कोत हा आमचा मांडवांचा सण. पूर्वज रानात मांडव घालून राहिले, म्हणून आम्ही आठवडाभर मांडवात जेवायचं. मांडवाचे नियम पुष्कळ. त्यांवर म्हाताऱ्यांची भांडणं त्याहून पुष्कळ. पण पहिला नियम शेंबडं पोरही सांगेल. मांडवाच्या वर दुसरं छप्पर नको. वर पाला आणि पाल्याच्या वर थेट आभाळ. सावली पडावी, पण चांदणी दिसावी. आणि पाऊस आला तर तो आत यावा. दुनियेत गळलंच पाहिजे असं हे एवढं एकच छप्पर. आणि ते घालायची पाळी आली होती लिपोत झिप्सरवर. या माणसाची अख्खी हयात छप्पर गळेल या धास्तीत गेलेली.

लिपोतचे वडील पत्र्याचं काम करायचे. गावातल्या निम्म्या पन्हळी त्यांनी ठोकलेल्या. पोरगं हुशार निघालं, राजधानीला, पेश्तला शिकायला गेलं आणि आर्किटेक्ट झालं. तेव्हा आमच्यातली पोरं झुंडीनं आर्किटेक्ट होत होती. न्यायाधीश व्हावं म्हटलं तर समोरचा तोंड वाकडं करायचा, कर्नल व्हायचं तर नावच काढू नका. पण ज्याला घर बांधून हवं असतं तो बांधणाऱ्याला, तू प्रार्थना कुठं करतोस, हे विचारत नाही. कधी संपवतोस ते विचारतो. लिपोतच्या बरोबरीची ही मंडळी पुढं जगभर पांगली. एकजण ओडेसात धान्याच्या व्यापाऱ्यांचे बंगले बांधतो, एक सालोनिकात तंबाखूवाल्यांचे. एक पार ब्युनोस आयरेसला पोचला आणि एकानं शिकागोत म्हणे ढगाला टेकणारी इमारत उभी केली. इमारत पुरी झाली की प्रत्येकजण तिचं चित्र असलेलं कार्ड लिपोतला धाडायचा. लिपोतच्या कचेरीची एक भिंत या कार्डांनी भरलेली. दुसरा कुणी असता तर हेव्यानं झुरला असता. लिपोत भिंग घेऊन एकेका चित्रापुढं उभा राहायचा आणि म्हणायचा, "छान आहे. पण पाणी कुठं जाणार?"

"हा घुमट बघा, डॉक्टर," तो मला ब्युनोस आयरेसचं नाट्यगृह दाखवत म्हणाला होता. "देखणा आहे. आता घुमट भिंतीला कुठं मिळतो ते बघा. तिथनंच."

"तिथनं काय?"

"तिथनंच गळणार. नायिका मरत असताना तिच्या नाकावर."

"आणि ही शिकागोची?"

"ही वरनं गळली तर खाली किती कुटुंबं भिजतील याचा हिशोब करा." सालोनिकावाल्याचं मात्र त्याला कौतुक. "चैन आहे लेकाची. पाऊसच नाही."

आम्ही एकमेकांना तोंडावर अहो-जाहो करतो. मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरे करतो, आणि तो मला काय करतो ते मला जाणून घ्यायचं नाही.

या धास्तीचं मूळ म्हणजे त्याचं पहिलं काम, आगीच्या बंबाची इमारत. उद्घाटनाला बँड लावला होता, नगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि पावसाची सर आली. पहिला थेंब नगराध्यक्षांच्या कागदावर, दुसरा कानावर, मग धारच. मोठ्या तुतारीवाल्यानं फुंकर मारली तर कारंजं उडालं. गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. "झिप्सरनं बांधलंय ना, मग बंब कशाला हवाय, आग आपोआप विझेल." लख्ख उन्हात लिपोत समोरून येताना दिसला की टवाळ लोक छत्री उघडायचे. त्याची स्वतःची सासू, नेटीआजी, लग्न ठरवायला आली ती छत्री घेऊन. "सवय असलेली बरी," म्हणाली.

गाव हळूहळू विसरलं. लिपोत विसरला नाही. पुढं त्यानं गावाचं स्नानगृह बांधलं, बँक बांधली, कॅल्विनपंथी ख्रिस्ती मुलींची शाळा बांधली, औषधाचं दुकान बांधलं. सगळ्यांच्या कपाळावर चिनी मातीची ट्यूलिपची फुलं. एकही इमारत ठिबकली नाही. तरी पाऊस लागला की हा छत्री घेऊन निघायचा आणि दारं वाजवायचा. "नमस्कार. काही ठिबकतंय का?"

"नाही हो झिप्सरसाहेब. मागच्या पावसातही नव्हतं ठिबकत."

"मागच्याचं सोडा. आत्ता?"

औषधवाल्याची विधवा आई तर पाऊस सुरू झाला की कॉफी ठेवायची. "येईलच आता ओला होऊन," म्हणायची, "कोरडं आहे का विचारायला."

आम्ही राहतो ती इमारत लिपोतची स्वतःची. माथ्यावर निळाहिरवा चकचकीत मोर बसवलाय, म्हणून गाव तिला मोरघर म्हणतं. लिपोतच्या धास्तीनं इथं कळस गाठला होता. प्रत्येक गॅलरीवर नेमकी तेवढीच गॅलरी, सगळ्यात वरच्या गॅलरीवर छपराची पुढं आलेली रुंद कड, रस्त्यावर फुटपाथभर लोखंड-काचेची झड, म्हणजे पुढं काढलेलं छत, आणि मधल्या चौकावर काचेचं छप्पर. त्याची बढाई अशी, की मोरघरातला माणूस अंथरुणातून उठून, जिना उतरून, खालच्या कॅफेत कॉफी पिऊन, पेपर वाचून, भांडण करून परत अंथरुणात शिरेपर्यंत त्याच्या डोक्यावर थेंब पडणार नाही. बढाई खरी होती. काचेच्या छपरावर तर त्याचा इतका जीव की पाऊस आला की तो चौकात खुर्ची टाकून, मान वर करून बसायचा. वर पाणी नाचतंय आणि आपण कोरडे, या सुखात त्याला डुलकी लागायची.

लिपोतच्या नावावर सगळं होतं, एक सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनागृह, तेवढं नव्हतं. गावातल्या सगळ्या धर्मांनी त्याला काम दिलं, आपल्या माणसांनी दिलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. जुनं सिनेगॉग इतकं कललं होतं की बायकांच्या सज्जात ठेवलेली छत्री घरंगळत पुरुषांच्या डोक्यावर यायची. नवं बांधायचं ठरलं. लेडेरर म्हणाले, "पेश्तचा माणूस बोलवू. सोनेरी कडेचं कार्ड आहे त्याचं."

"आपला झिप्सर आहे की," रब्बी म्हणाले.

"झिप्सरच्या बापानं माझ्या बापाची पन्हळ ठोकली. उद्या माझ्या भट्टीवरचा पोरगा म्हणेल मी रब्बी होतो, करणार?"

इकडं लिपोत कित्येक वर्षं हे सिनेगॉग काढत होता. कचेरीत कागदावर, घरात टेबलक्लॉथवर काट्यानं, आणि माझ्या खुर्चीत दात कोरून घेताना हवेत बोटानं. हे काम हुकलं तर परत मिळणार नव्हतं. एका गावात एका जन्मात असं सिनेगॉग एकदाच बांधलं जातं. शेवटी त्याची बायको सेरेना म्हणाली, "तुम्ही रब्बींना आणि लेडेररना नकाशे दाखवू नका. जेवायला बोलवा. सणाच्या मधल्या दिवशी, मांडवात. माझं सूप पोटात गेल्यावर कुणाला पेश्त आठवतं ते बघू."

म्हणून हा मांडव. एरवी आम्ही सगळे सिनेगॉगच्या अंगणातल्या सार्वजनिक मांडवात घासभर खाऊन घरी येतो आणि टेबलावर ऐसपैस जेवतो. स्वतःचा मांडव लिपोत पहिल्यांदाच घालत होता. गालिच्यांच्या भिंती केल्या, लव्हाळा एकेक काडी निवडून लावला, द्राक्षांचे घोस आणि पिवळी क्विन्सची फळं टांगली. नेटीआजीनं खुर्ची टाकून सगळं बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, यात आभाळ कुठंय?"

"आभाळ इमारतीच्या वर आहे, सासूबाई."

"ते मांडवाच्या वर लागतं."

"आणि रब्बी भिजले म्हणजे?"

"भिजू देत. त्यांचा देव, त्यांचा पाऊस."

लिपोतनं ऐकलं नाही. रब्बी भिजण्याची कल्पनाच त्याच्या डोक्यात मावेना. आणि खरं सांगतो, निभावलं असतं. रब्बींची नजर अधू, त्यात जिने चढून धाप लागलेली, लव्हाळा दाट. त्यांनी मांडवाचा आशीर्वाद म्हटला, पावाचा तुकडा मोडला, चमचा उचलला. तेवढ्यात माझी बरणी.

"झिप्सर," रब्बींनी विचारलं, "वर काय आहे?"

"डॉक्टर आहेत," लिपोत म्हणाला.

"डॉक्टरांच्या वर?"

"छपराची कड. चांगली रुंद. एक थेंब म्हणून..."

"आणि आभाळ?"

लिपोतनं इकडंतिकडं पाहिलं, आणि हॉटेलात मोरी कुठंय ते दाखवावं तसं रस्त्याकडं बोट केलं. "तिकडं आहे."

रब्बी रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "मी आशीर्वाद वाया घालवला. तोही इतकी भूक लागलेली असताना."

आतून नेटीआजीचा आवाज आला. "मी काही बोलत नाही. मी बोलले होते तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता मी काही बोलत नाही." आणि त्यानंतर ती बराच वेळ बोलत होती.

आता सणात रब्बी मांडवाबाहेर घास घेईनात. लेडेरर एरवी कुठंही घास घेतात, पण रब्बींच्या देखत घेईनात. तेव्हा ज्याच्या डोक्यावर आभाळ आहे असा तुकडा मोरघरात शोधायला वरात निघाली. पुढं लिपोत, मागं रब्बी, लेडेरर, सूपचं पातेलं कापडात गुंडाळून सेरेना, तिच्यामागं नेटीआजी, आणि काही झालं तरी माझा हातभार होता म्हणून मी.

आधी माझ्या गॅलरीत. रब्बींनी मान वर केली. छपराची कड. "हे पण तुमचंच?"

"माझंच," लिपोत म्हणाला. सकाळी हेच त्यानं केवढ्या ऐटीत सांगितलं असतं.

मग खाली चौकात. वर काच. मग रस्त्यावर, तर फुटपाथभर झड. झडीच्या पलीकडं म्हणजे घोडागाड्यांच्या वाटेत. रब्बींनी तेही अंतर डोळ्यांनी मोजलं, तेव्हा सेरेनानं पातेलं छातीशी धरलं. उरलं छप्पर. ते इतकं उतरतं की वर थेंबही टिकत नाही.

"मोराच्या पाठीवर एकजण बसेल," मी सुचवलं.

लिपोतनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं माझे रोगीही माझ्याकडं बघत नाहीत.

लेडेरर आता भुकेनं लाल झाले होते. "झिप्सर, तुमचं अभिनंदन. देवानं एवढं मोठं आभाळ केलं आणि तुम्ही त्याला दारातनंच परत पाठवलंत. अख्ख्या इमारतीत एक मांडव घालायची सोय नाही. अशा माणसाकडनं आम्ही सिनेगॉग बांधून घ्यायचं? मी निघालो पोस्टात. पेश्तला तार करतो."

लिपोतचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात नेटीआजी चौकाकडं बोट करत म्हणाली, "काचा काढा."

"कुठल्या काचा?" लिपोतनं विचारलं. समजलं होतं त्याला.

"तुमच्या डुलकीच्या."

पातेल्यातून वास येत होता. लिपोत वर बघत राहिला. मग कोट काढून म्हणाला, "शिडी आणतो."

"थांबा," रब्बी म्हणाले. "सणाच्या मधल्या दिवसांत सणापुरतं काम चालतं. पण अडाण्याचं. कारागिराचं कसबी काम चालत नाही. तुम्ही चढायचं नाही."

"मग आमचा रखवालदार मिहाय..."

"तो भावाकडं द्राक्षं खुडायला गेलाय," सेरेना म्हणाली.

रब्बी माझ्याकडं वळले. "डॉक्टर, काचकामातलं तुम्हाला काय कळतं?"

"काचेतनं आरपार दिसतं, एवढं."

"उत्तम. चढा."

मी दवाखान्यातली दात काढायची पक्कड घेऊन शिडी चढलो. काच चौकटीत लांबी नावाच्या लुकणानं पक्की बसवलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी लांबी उकरायला लागलो आणि खालून आवाज आला, "डावीकडून! डॉक्टर, आधी डावीकडून! अहो, हलवू नका, ती दाढ नाही!"

"झिप्सर, शिकवू नका," रब्बी म्हणाले. "शिकला तर तो कारागीर होईल. मग त्यालाही उतरवावं लागेल."

पहिली काच माझ्या हातून सुटली आणि मिहायच्या कोबीच्या पिंपात पडली. एव्हाना सगळे भाडेकरू आपापल्या मजल्याच्या सज्जात जमले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, डॉक्टर," वरून कुणीतरी ओरडलं, "माझा सुळाही तुम्ही असाच काढला होता." लिपोत खुर्चीत बसला होता तो उठला. "रब्बीसाहेब, मला चढू द्या. हात जोडतो."

"वाईट काम करायचं कबूल आहे?"

"कबूल."

"अगदी अडाण्यासारखं?"

"त्याहून वाईट करतो."

मी खाली उतरलो, लिपोत वर चढला. पक्कड हातात घेतली, चेहरा बावळट केला, आणि लोण्यातून सुरी निघावी तशी काच अलगद बाहेर आली. त्यानं ती खिशातल्या रुमालानं पुसली आणि कडेला नीट टेकवून ठेवली.

"उतरा," रब्बी म्हणाले.

"मी वाईटच करत होतो."

"तुम्ही पुसलीत."

"चुकून पुसली. आणखी एकदा."

आणखी एकदा त्यानं डोळे मिटून काढली. ती आधीपेक्षा सुरेख निघाली. मग डाव्या हातानं. तीही. सज्जातून लोक पैजा लावायला लागले. लेडेरर शिडीच्या पायाशी येऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होते, "झिप्सर, अरे, कुठं तरी खरचटव! एक तरी कोपरा उडव! सिनेगॉग पाहिजे ना तुला?"

पाहिजे होतं. सगळ्यांना दिसत होतं की पाहिजे होतं. लिपोतनं हातोडी मागून घेतली. वर उगारली. सेरेनानं पदरासारखा ॲप्रन तोंडावर घेतला. ती रडत होती की हसत होती देव जाणे. हातोडी तशीच हवेत राहिली. मग लिपोतनं ती खिशात ठेवली आणि एकेक पायरी खाली आला.

"जमत नाही," तो म्हणाला, आणि कुणाकडं न बघता भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"साधं वाईट काम," लेडेरर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तेवढं सुद्धा जमत नाही."

उरलेलं मी केलं. आणखी दोन फोडल्या, एक अर्धी आली. रब्बी मधूनमधून वर बघून मान डोलवायचे. "फार छान. हे खरं अडाण्याचं काम." आयुष्यात माझ्या हस्तकौशल्याची इतकी मनापासून तारीफ कुणी केलेली नाही.

चौकाच्या डोक्यावर करडं, ढगाळ, ओबडधोबड चौकोनी आभाळ उघडं पडलं. भाडेकरूंनी वरून गालिचे आणले, लव्हाळा आणला, फळं आणली. जो तो सूचना देत होता आणि कुणीच ऐकत नव्हतं, त्यामुळं मांडव चटकन उभा राहिला. सूप पुन्हा तापलं. आशीर्वाद पुन्हा म्हटला गेला, या वेळी योग्य पत्त्यावर. रब्बींनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले.

दुसरा चमचा घेतला आणि पाऊस आला.

पहिला थेंब टेबलावर टप् झाला तेव्हा लिपोत उडालाच. सवयीनं त्यानं बशी पुढं केली. दुसरा थेंब बशीत पडला, तिसरा त्याच्या टकलावर. लेडेररनी छत्री उघडली.

"बंद करा," रब्बी म्हणाले. "छत्री म्हणजे छप्पर."

"मग आत तरी चला. पाऊस आला तर मांडवातनं उठता येतं, नियमच आहे."

"नियम असा आहे," रब्बी चमच्यानं टेबल ठोकत म्हणाले, "की पावसानं जेवण बिघडलं तर उठता येतं." त्यांनी सूप चाखलं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. "बिघडलेलं नाही."

पावसानं जोर धरला. लव्हाळ्यातून धारा लागल्या, द्राक्षांच्या घोसांतून पाणी ओघळायला लागलं. रब्बींच्या दाढीच्या टोकाला नळ फुटला होता. त्यांनी पुन्हा चाखलं. "किंचित पातळ झालंय. बिघडलं असं म्हणता येणार नाही. सेरेनाबाई, चिमूटभर मीठ."

"रब्बीसाहेब, माझी बशी तर भरत चाललीय," लेडेरर कळवळून म्हणाले. "मी खातोय आणि ती वाढतेय."

"बरकत म्हणतात याला."

तेव्हा लिपोत हसायला लागला. आधी मला वाटलं त्याला ठसका लागला. मग तो खुर्चीतून घसरायच्या बेतात आला. "बघा," तो पाणी निथळत ओरडत होता, "बरोब्बर टेबलावर! जरा इकडं नाही, तिकडं नाही! गळतंय, आणि गळायलाच पाहिजे! कुणाची तक्रार आहे? कुणाची काही तक्रार?" सज्जातले लोक हसायला लागले. नेटीआजी मुद्दाम पागोळीखाली जाऊन बसली आणि म्हणाली, एवढी वर्षं या घरात सुकून चालले होते. लेडेररनी आपल्याच भट्टीची मनुकांची दारू मागवली. पेला अर्धा प्यायचा, देव तो भरून द्यायचा. भरलेल्या कोबीचे रोल ताटात पोहत होते. खसखस-अक्रोडाच्या थरांच्या केकचे थर विरघळून एक झाले आणि रब्बी म्हणाले, ही एकीची खूण.

विरघळलेला केक चमच्यानं गोळा करत लेडेररनी एकदम तोंड उघडलं. "रब्बीसाहेब, खरं सांगतो, मला याला काम द्यायचं नव्हतं. आयुष्यभर मी ठेकेदारांशी झगडतोय. भट्टी बांधली, गोदाम बांधलं, बायकोच्या आईची कबर बांधली. दर वेळी पाया पडावं लागतं, बाबांनो, काम चांगलं करा. आज पहिला असा भेटला की पाया पडलो तरी वाईट करेना. स्वतःचं नुकसान होतंय, तरी करेना."

"मग काय म्हणता?" रब्बींनी विचारलं.

"म्हणायचं काय. पेश्तला तार करतो."

लिपोतचं हसू थांबलं.

"की येऊ नका," लेडेरर म्हणाले, "आमचा माणूस आम्हाला मिळाला. काय रे झिप्सर, बघतोस काय असा? नकाशे आण."

लिपोत उठला, पाण्यात सटकला, सावरला आणि जिन्याकडं धावला. रब्बींनी हाक मारली. "झिप्सर! सण चालू आहे. लिहिणं नाही, आखणं नाही. सण संपल्यावर."

सण संपेपर्यंतचे दिवस लिपोतनं दोन्ही हात खिशात घालून काढले. बाहेर काढले की ते आपोआप भिंतीवर कमानी काढायचे. सेरेनानं टेबलावरचे काटे लपवून ठेवले होते. फिरायला गेला तरी काठीनं मातीत रेघ ओढील म्हणून नेटीआजीनं काठी काढून घेतली. रब्बींना भिजल्यामुळं सर्दी झाली होती आणि ते शिंकत शिंकत सगळ्यांना सांगत होते, की इतका नियमशुद्ध मांडव त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

सण संपल्यावर सकाळी मी त्याच्या कचेरीत गेलो. मनात एक छोटं भाषण तयार केलं होतं. लिपोत खिडकीशी मोठ्या फळ्यावर वाकला होता; बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल, तोंडात दुसरी, हातात तिसरी. कागदाच्या मध्यभागी आधी छप्पर उभं राहिलं होतं, भिंती अजून यायच्या होत्या. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि माझी सावली कागदावर पडली. त्यानं मान वर केली नाही. भाषण माझं मीच विसरलो.

"लिपोत," मी म्हणालो, "जन्मभर ज्याची वाट बघितली ते काम हातात आलं. खरं सांगा, काय वाटतंय?"

"उजेड सोडा, डॉक्टर."